कफील म्हणजे भाटकार

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायला म्हणून लिहीत नाही. दाखवायची वेळ आलीच, तर माझी मुलगी सेलिना ऱ्हस्वदीर्घ नीट करील. बोलायला मी लहानपणापासून लाजते. चार माणसं असली की माझा आवाज घशातच राहतो. म्हणून लिहिते.

बातमी आली त्याला आता पाच आठवडे झाले. मी मामा नूराच्या पायांना तेल लावत होते. मामा नूरा म्हणजे इथे सौदीत, हुफूफ शहरात, ज्या म्हातारीचं मी सगळं करते ती; इकडे आईला मामा म्हणतात. फोन वाजला. सेलिनाचा निरोप होता, "आई, बाब गेले." माझा हात थांबला तसं मामा नूराने विचारलं, कोण? मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, माझ्या गावचे, आमच्या धर्मातले फार मोठे. तिने तिच्या भाषेत मेलेल्या माणसासाठी दुवा मागितली आणि म्हणाली, "तेल ठेव बाजूला. रडून घे. माझे पाय काही पळून जात नाहीत."

बाब म्हणजे आर्चबिशप लुईसबाब. पेपरांत त्यांच्यावर मोठे मोठे लेख आले, सेलिनाने फोटो काढून पाठवले. थोर घराण्यात जन्मलेला संत, नम्र मेंढपाळ, असं सगळ्यांनी लिहिलंय. नम्र हा शब्द वाचून मला हसू आलं. बाब हट्टी होते. ज्याने त्यांना नम्र म्हटलंय त्याने त्यांना कधी मीठ कमी पडलेली पेज वाढली नसणार. आणि त्या एकाही लेखात त्यांच्या चुका नाहीत. माणूस मेला की चुका पुसायच्या, ही रीत मला मान्य नाही. बाबच्या दोन चुका माझ्याशी संबंधित आहेत. त्या मी लिहिणार. ते असते तर म्हणाले असते, "लिही गो, आणि मोठ्या अक्षरात लिही."

आमचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून. बाबचं मोठं घर हद्दीच्या पलीकडे आणि त्यांची नारळाची भाटं, म्हणजे बागा, आमच्या बाजूला. त्यांच्या कुणा पणजोबाला पोर्तुगालच्या राजाने किताब दिला होता. त्यांच्या दिवाणखान्यात ती सही-शिक्क्याची चौकट होती, मी लहानपणी ती पुसलीय. ते भाटकार, भाटांचे मालक. आम्ही मुंडकार, त्यांच्या भाटात घर बांधून राहायचं, त्यांची कामं करायची, आणि त्यांनी ऊठ म्हटलं की उठायचं. माझा बाप पेद्रू पाडेली होता, माडावर चढून नारळ पाडायचा. मोठ्या घरातला थोरला मुलगा शेती-मालमत्ता बघायचा आणि धाकटा फादर झाला. तो धाकटा म्हणजे बाब.

आमच्या कपेलात, म्हणजे छोट्या देवळात, फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या दिवशी मिरवणूक निघायची. पुढे चालणाऱ्या पुरुषांच्या खांद्यावर लाल मुर्सा असायचा, खांदे झाकणारा आखूड झगा. मुर्सा घालायचा हक्क फक्त भाटकारांच्या घरांचा. आमची माणसं मागून, अनवाणी, फटाक्यांच्या माळा घेऊन. कुणी हे ठरवलं ते माहीत नाही, पण येशूने ठरवलं नव्हतं एवढं नक्की. मी चौथीत होते त्या वर्षी बाब सुट्टीवर गावी आले होते. त्यांचा भाऊ परगावी होता म्हणून मोठ्या घरच्या वाट्याचा एक मुर्सा कपाटात शिल्लक होता. मिरवणूक निघायच्या वेळी बाबनी तो उचलला आणि सरळ मागे आमच्या माणसांत आले.

"पेद्रू, ये पुढे."

"नको बाब," बाप म्हणाला, "माझ्या पायांत काही नाही."

"मुर्सा खांद्यावर घालतात. पायांत नव्हे."

आणि घातला. बाबच्या वडिलांनी, म्हणजे म्हाताऱ्या भाटकाराने, हातातली मेणबत्ती जमिनीवर ठेवली आणि ते घरी निघून गेले. बाकीचे भाटकार एकमेकांकडे बघत उभे. बाबनी गाणं सुरू केलं आणि मिरवणूक निघाली. माझा बाप पन्नास हात उंच माडावर हसत चढायचा, पण त्या दिवशी तो एकेक पाऊल जपून टाकत होता. घामाने मान भिजली होती आणि मुर्सा खाजत होता, पण खाजवायची हिंमत नव्हती. "एवढा जड कपडा मी जन्मात घातला नाही," तो मरेपर्यंत सांगायचा. सांगताना मान ताठ व्हायची.

तिसऱ्या दिवशी बाब आपल्या कामावर दूर निघून गेले. आणि मोठ्या घराने दुसऱ्या गावाहून पाडेली आणला. सव्वा वर्ष माझ्या बापाला कुणी माडाला हात लावू दिला नाही. पाचवीची शाळा शेजारच्या गावात होती, एसटीचे पैसे, गणवेश... आईने मला काजूच्या कारखान्यात बिया फोडायला पाठवलं. बिबव्यासारखं ते तेल बोटांना लागलं की कातडी सोलून निघायची. बाबना यातलं काही कळलं नाही. कळवणार कोण? आमच्यात पत्र लिहिता येणारी एकटी मीच होते, आणि मी लाजत होते.

पुढे म्हातारा भाटकार वारला, वाटण्या झाल्या आणि आमचं भाट बाबच्या वाट्याला आलं. बाब मुद्दाम आले. आमच्या सात घरांना त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक कागद लिहून दिला, "हे घर आणि कुंपणाच्या आतली जागा तुमची." खाली सही. बापाने तो कागद पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्यानंतर लवकरच बाब आर्चबिशप झाले, दुसऱ्या राज्यात. त्यांच्या गोष्टी कानावर यायच्या. राहायचा बंगला त्यांनी नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाला दिला. चर्चचा जमाखर्च दारावर चिकटवायला लावला. उच्च-नीच अशा दोन दफनभूमी होत्या, मधली भिंत पाडली. त्यावरून एका श्रीमंत चर्चच्या ट्रस्टींनी आतून कडी लावून घेतली. बाबनी बाहेर पायऱ्यांवर उन्हात मिस्सा, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाचा आमचा विधी, सुरू केली, आणि उपदेश मुद्दाम दोन तास लांबवला. ट्रस्टींना बाहेर पडायला दार तेवढं एकच होतं! ही गोष्ट मी त्यांना इथे विचारली होती, खरी का म्हणून. म्हणाले, "दोन तास नाही गो. सव्वाच. मला लघवी लागली."

इथे म्हणजे हुफूफमध्ये. माझा नवरा वारल्यावर मला कामाला इथे आणलं ते सॅवियोबाबनी. सॅवियोबाब बाबच्या भावाचा मुलगा, इथल्या कंपनीत मोठा इंजिनियर. मी उपकारच मानले. घर, जेवण, वेळेवर पगार, कुणी हात उगारला नाही, हे खरं तेच लिहिते. फक्त माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता आणि दोन वर्षांनी ठरलेली रजा चौथं वर्ष सरत आलं तरी मिळाली नव्हती. "एमाची परीक्षा होऊ दे," त्यांची बायको लीनाबाय म्हणायची. एमा त्यांची मुलगी. एमाची परीक्षा कधी संपतच नव्हती.

तीन वर्षांपूर्वी थंडीत बाब पुतण्याकडे राहायला आले. निवृत्त झाले होते, एक्क्याऐंशी वर्षांचे. साधा बुशशर्ट, पायांत सपाता. मी गावच्या रितीने बेसांव मागायला, म्हणजे आशीर्वादासाठी त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकले, तर त्यांनी हात मागे घेतला. "पाठ दुखेल," म्हणाले. "तुझी नव्हे, बघून माझी." आणि जे स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले ते तीन महिने तिथेच. इकडे हुफूफला लाल तांदूळ पिकतो, महाग असतो. मी त्याची पेज केली, आपल्या उकड्याच्या पेजेसारखी लागते. बाबनी बशी चाटली. लीनाबायला ते बघवलं नाही.

इथे चर्च नाही. घरात जे करायचं ते घरात, आवाज न करता. एका शुक्रवारी लीनाबायने चार घरची माणसं बोलावली, आर्चबिशप आलेत म्हणून. बाबनी आधीच सांगितलं, द्राक्षारस नाही तेव्हा मिस्सा होणार नाही, नुसती प्रार्थना करू. मला लीनाबाय म्हणाली, "नातल, तू आत मुलांचं खाणं बघ." हॉलमध्ये सगळे बसल्यावर बाबनी विचारलं, "नातालिन कुठे?"

"किचनमध्ये आहे, अंकल."

"मग खुर्च्या किचनमध्ये आणा."

सिल्कचे कपडे घातलेल्या बायका फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मध्ये दाटीवाटीने उभ्या राहिल्या. वर तळणाचा वास. बाबनी मला शुभवर्तमान वाचायला दिलं, मराठीतलं. मी वाचलं. अडखळत वाचलं, पण शेवटपर्यंत मीच वाचलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात आम्ही दोघं लसूण सोलत होतो. आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, इथे जरा सरळ करून लिहिते. बाब म्हणाले, "इथे जो तो कफील कफील करतो. कफील म्हणजे काय गो?"

मी विचार न करता म्हटलं, "भाटकार."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याच्या नावावर आपण इथे राहतो तो. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, त्याच्या नावाने. त्याने ठेवलं तर राहायचं."

"आणि तुझा कफील कोण?"

"सॅवियोबाब."

बाब मोठ्याने हसले. "म्हणजे विमानात बसून इथेही आम्हीच आलो, तुझ्या डोक्यावर बसायला!" मग हसू थांबलं. एकच पाकळी ते बराच वेळ सोलत राहिले, साल निघून गेलं तरी.

पुढच्या सुट्टीला सॅवियोबाबनी सगळ्यांना खजुराच्या बागेत नेलं. एमाला उंट बघायचा होता. बागेत एक कामगार कमरेला रुंद पट्टा बांधून झाडावर चढत होता. बाब मान वर करून बघत राहिले. म्हणाले, "पेद्रू पट्ट्याशिवाय चढायचा." मग मला विचारलं, "तू कितवी शिकलीस गो? वाचतेस तर छान."

"चौथी."

"का सोडलीस?"

मी एरवी बोलले नसते. पण आजूबाजूला कुणी नव्हतं आणि झाडं माडांसारखी होती. "तुम्ही माझ्या बापाला मुर्सा घातलात म्हणून," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. सव्वा वर्ष, काजू, बोटं. बाब पाण्याच्या पाटाच्या कडेला बसले. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"माझा बाप माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, किंमत मी मोजली. आजवर दहा ठिकाणी तसं सांगितलंय मी..."

"घातलात ते बरोबरच केलंत, बाब," मी म्हटलं. "त्याच्यावर माझा बाप जगला. पण दुसऱ्या दिवशी आमच्या घरी यायला पाहिजे होतं."

त्यांनी मान हलवली. माफी वगैरे मागितली नाही. नुसतं "हो" म्हणाले. ही पहिली चूक.

दुसरी चूक त्यानंतर महिन्याभराने उघडी पडली. सकाळी बाब पेज जेवत होते. सॅवियोबाब कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. "नातल, रजा हवी ना? इथे सही कर. पुढच्या महिन्याचं तिकीट काढतो. फॉर्मॅलिटी आहे." कागद इंग्रजीत. मी हात पुसून पेन घेतलं. चार वर्षं आई बघितली नव्हती, सेलिना बघितली नव्हती.

"काय लिहिलंय त्यात?" बाबनी मला विचारलं.

"ठाऊक नाही, बाब."

"मग सही कशावर करतेस?" आणि पुतण्याकडे वळून, "सॅवियो, तिला वाचून दाखव. आपल्या भाषेत."

"अंकल, नंतर..."

"आत्ता. माझी पेज निवतेय."

सॅवियोबाब वाचत गेले आणि आवाज खाली खाली जात राहिला. भाटातलं घर भाटकाराच्या परवानगीने वापरत होतो, आमचा त्यावर हक्क नाही, एवढी रक्कम घेऊन राजीखुशीने सोडतो. तिथे हॉटेल होणार होतं. बापामागे वारस म्हणून त्यावर माझीही सही लागत होती, आणि त्या घरात माझी आई आणि मुलगी राहत होती.

"पण ती घरं मी देऊन टाकलीत," बाब म्हणाले.

"साध्या कागदावर, अंकल. ना स्टॅम्प, ना रजिस्ट्रेशन. सातबारावर अजून तुमचंच नाव आहे. आणि तुमच्यानंतर... म्हणजे मलाच बघायचंय ना सगळं."

बाबनी चमचा खाली ठेवला. इतके पांढरे पडले की मला वाटलं यांना काही होतंय. मग हळू म्हणाले, "भाटकाराचीच जात माझी. मी शब्द दिला आणि मला वाटलं, झाला कायदा. माझ्या शब्दाला शिक्का कशाला, असं वाटलं मला." ही दुसरी चूक. सुधारणा करणाऱ्याची नव्हे, भाटकाराची चूक. मुंडकार असता तर आधी कचेरीत जाऊन शिक्का मारून आणला असता.

मी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"मग रजा विसर," सॅवियोबाब म्हणाले.

"विसरले."

"नोकरीचंही बघावं लागेल मग."

"बघा."

लीनाबाय दारातून म्हणाली, "अगो, जाशील कुठे तू?"

"ते मी बघेन, बाय."

एवढं बोलले, आणि मोरीत जाऊन उलटी केली. शूर वगैरे मी नाही. पण उलटी करून आले तरी उत्तर तेच होतं. मी आत होते तेवढ्यात बाबनी कपाटाची किल्ली मागून घेतली होती. "पासपोर्ट तिने स्वतःजवळ ठेवायचा असतो, इथल्या कायद्यातही," त्यांनी सॅवियोबाबना सांगितलं. चार वर्षांनी मी माझा फोटो बघितला. किती बारीक होते मी.

दुसऱ्या दिवशी बाबनी गावच्या वकिलाला पत्र लिहिलं, सातही घरांची कागदपत्रं तयार ठेव म्हणून, आणि खाली सही केली. "मी जाईपर्यंत मेलो तर निदान ही सही तरी पोचू दे," म्हणाले. कुरियरने पाठवायचं तर एकशे वीस रियाल. बाबच्या खिशात काही नसायचं, आणि सॅवियोच्या विरुद्धच्या पत्राला सॅवियोकडून पैसे घेणार नाही, हा हट्ट. मान खाली घालून मला म्हणाले, "नातल, उसने देशील?"

मी दिले. आमच्या सात पिढ्यांत भाटकाराकडे आमचं येणं होण्याची ही पहिली वेळ. फोनवर आईला सांगितलं तर ती इतकी हसली की सेलिनाने तिला पाणी दिलं.

बाब परत गेले. मला शेजारच्या नर्सबाईंनी मामा नूराचं घर दाखवलं आणि रीतसर कफील बदलून मी इकडे आले. तिकडे बाब तालुक्याच्या कचेरीत चार खेपा घालून आले. एकदा मशीन बंद, एकदा साहेब नाही, एकदा अंगठ्याचा ठसाच उमटेना, एवढी कातडी झिजलेली. चौथ्या खेपेला सात बक्षीसपत्रं झाली. तो शब्द त्यांना खपला नाही. "बक्षीस कसलं? परत करतोय!" असं त्यांनी कारकुनाला सुनावलं. कारकून म्हणाला, फादर, परत करण्याचा फॉर्म आमच्याकडे नाही. आता सातबारावर माझ्या आईचं नाव आहे. मामा नूराने मागच्या वर्षी मला दोन महिने रजा दिली, तेव्हा मी तो उतारा हातात घेऊन बघितला.

आणि उसने? मी म्हटलं, राहू द्या बाब. त्यांनी फोनवर मला झापलं. "भाटकारांनी मुंडकारांचं कधी काही फेडलं नाही. मला तरी फेडू दे." निवृत्त फादरांच्या आश्रमात त्यांना हातखर्चाला थोडे रुपये मिळायचे. त्यातून ते आखातातून रजेवर आलेल्या माणसांकडून रियाल बदलून घेत आणि इकडे येणाऱ्याबरोबर पाकीट पाठवत. तीस रियाल. पुन्हा आठ महिन्यांनी तीस. किताबवाल्या घरातला माणूस हप्त्याने फेडत होता. दर वेळी चिठ्ठी असायची, "पावती पाठव. तुझ्या हाताने, पूर्ण नावाने." अंगठा चालणार नाही, फोनवरचा निरोप चालणार नाही. पहिल्या पावतीत मी रियाल शब्द तीनदा चुकले. त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली, आर्चबिशपांनी! मी पुन्हा लिहिली. नव्वद फिटले होते तेव्हा ते गेले.

मागच्या शुक्रवारी गावचा एक माणूस रजेवरून परत आला. त्याच्या हातून पाकीट आलं. बाबनी ते आधीच भरून आश्रमातल्या सिस्टरकडे देऊन ठेवलं होतं. दहाच्या तीन नोटा आणि हललेल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. "शेवटचा हप्ता. पावती विसरू नकोस."

पावती पाठवायची कुणाला? मी दोन दिवस विचार केला. पेपरवाले ज्याला थोर घराणं म्हणतात, त्याचा वारस इथेच, चार गल्ल्या सोडून राहतो. सॅवियोबाबना मी आयुष्यात कधी काही लिहिलं नव्हतं. वहीचं पान फाडून लिहिलं, फोटो काढून त्यांना पाठवला आणि मूळ कागद त्यांच्या दारातल्या पेटीत टाकून आले.

"तुमचे काका लुईसबाब यांनी माझ्याकडून घेतलेले एकशे वीस रियाल आज पूर्ण पोचले. आता तुमच्या घराकडे आमचं काही येणं नाही, आणि आमच्याकडे तुमचं काही नाही. सही, नातालिन पेद्रू फर्नांडिस."